‘हम’ म्हणजे नक्की कोण, भाऊजी?

भाऊजी,

रविवारी दुपारी तुमचा बुढऊ टीव्हीवर लागला होता. तेराव्याला आलेले पाहुणे आदल्या दिवशीच परतले होते. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि तुमचे दादा उगाच चॅनेल बदलत बसले होते. बदलता बदलता तो गंजका पिवळा हात पडद्यावर आला आणि ते थांबले. मी स्वयंपाकघरातूनच आवाज ओळखला. लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा तो आवाज. किती वर्षं नावं ठेवली मी त्याला! हात पुसत बाहेर आले आणि गुपचूप बसले.

पुढे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी आपलं भांडण कशावरून होतं ते मला एकदा नीट मांडू दे. तुम्ही असताना कधी मांडू दिलंत? मी तोंड उघडलं की तुमचं “वहिनी, यार, सुनिए तो” सुरू व्हायचं.

भांडणाची सुरुवात भातापासून झाली, रोबोट नंतर आला. मी लग्न होऊन मिरजेहून लखनौला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी तुम्ही चिनहटच्या कारखान्यात निघालात आणि दारातून ओरडलात, “वहिनी, आम्ही आज जेवणार नाही!” आम्ही म्हणजे तुम्ही, दादा आणि बाबा, असं मी धरलं. कुणीही धरलं असतं. संध्याकाळी मी माझ्यापुरता आणि सासूबाईंपुरता वाटीभर तांदूळ लावला आणि मोकळी झाले. आठ वाजता बाप-लेक हात धुऊन पाटावर हजर! “भाऊजी म्हणाले, आम्ही जेवणार नाही,” मी कशीबशी म्हटलं. बाबा होते तेव्हा. ते आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अगं, लखनौत ‘आम्ही’ म्हणजे एकटा नंदू!”

तेव्हा मला कळलं की या गावात रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे स्वतःला ‘हम’ म्हणतात, ‘मैं’ म्हणायला लाजतात. तुम्ही इथेच जन्मलात, गल्लीत खेळलात, आणि तो ‘हम’ तसाच उचलून मराठीत आणलात. आम्हाला ताप आहे. आम्ही आंघोळ करतोय. आमचं डोकं दुखतंय. आणि पुढे एकदा मुलगी बघायला गेलो तेव्हा “आम्हाला मुलगी पसंत आहे” म्हणालात, तर तिच्या वडिलांना वाटलं की आई-वडिलांची पसंती सांगताहेत, मुलाचं मन नाही. त्यांनी हळूच दादांना बाजूला घेऊन विचारलं होतं, “मुलाला कुणी दुसरी आवडते का?” ते स्थळ फिसकटलंच. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही, मलाच चुटपुट लागली.

मी मिरजेच्या शाळेत दोन वर्षं मराठी शिकवलं होतं. लखनौत त्या शिक्षणाला कोण विचारतो? मग तुम्हीच माझे एकुलते एक विद्यार्थी झालात. मी तुम्हाला बसवून सांगितलं: मी म्हणजे एकटा. आम्ही म्हणजे समोरच्याला सोडून सगळे. आपण म्हणजे समोरच्यालाही धरून. तुम्ही डोक्याला हात लावलात. “तीन-तीन? इतना हिसाब कौन रखे? हमारे ‘हम’ में तो सब आ जाते हैं.”

“सगळे येतात म्हणूनच कुणी उपाशी राहतं,” मी म्हणाले. तुम्हाला ते फार आवडलं होतं. चार लोकांत सांगत फिरलात.

त्या भाताची भरपाई म्हणून तुम्ही मला पुढच्या उन्हाळ्यात आलमबागच्या जुन्या टॉकीजमध्ये नेलंत. दादा दौऱ्यावर होते, बाहेर लू सुटली होती, आणि मला वाटलं होतं काहीतरी गाण्यांचं असेल. बघते तर काय, राक्षसाएवढाली यंत्रं! तुम्ही आधी दोनदा बघून आला होतात, एकदा इंग्रजीत आणि एकदा हिंदीत. “हिंदीवालाच बघा. डबिंग ज्याने लिहिलंय तो अपना आदमी आहे,” असं सांगून तुम्ही माझ्या हातात शेंगदाण्यांची पुडी दिलीत आणि पुढचे अडीच तास तुमचं तोंड बंद झालं नाही.

गोष्ट मला आजही पाठ आहे. डोंगरातलं मोठं धरण. ते बांधायला पूर्वी केलेले अजस्र रोबोट, काम संपल्यावर तळ्याच्या गाळात सोडून दिलेले. मग एका कंपनीचे नवे चकचकीत रोबोट धरण ताब्यात घ्यायला येतात आणि गाळातला एक म्हातारा उठतो. पिवळा, गंजलेला, डावा हात कोपरातून वाकडा. सिनेमात त्याला काहीतरी आकड्यांचं नाव होतं. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून ‘बुढऊ’ म्हणायचात, आणि तेच आपल्या घरात रूढ झालं. आईसुद्धा विचारायच्या, “तुझ्या बुढऊचा लागला का रे आज?”

तुमचं म्हणणं होतं की या सिनेमात एक गोष्ट आहे जी अशा दुसऱ्या कुठल्याच सिनेमात नाही, आणि ती म्हणजे वजन. बाकीचे रोबोट रबराचे असल्यासारखे उड्या मारतात. बुढऊ पाय उचलायच्या आधी क्षणभर थांबतो. “बघा, बघा वहिनी, आता थांबेल! प्रेशर बनतंय. तेल वर चढल्याशिवाय पाय कसा उचलेल?” तुम्ही कारखान्यात दिवसभर त्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोठमोठ्या प्रेस मशीनींपाशी असायचात, त्यामुळे तुमचा जीव त्या थांबण्यात अडकला होता. ज्याने हा सिनेमा काढला त्याने असलं मशीन तासन् तास बघितलं असणार, याची तुम्हाला खात्री होती. आणि पाय टेकला की आधी धूळ उडते, आवाज मागून येतो, हेही तुम्हीच दाखवलंत. मी म्हटलं, “पुरे, मला सिनेमा बघू द्या.” खरं तर एव्हाना मीही त्या थांबण्याची वाट बघायला लागले होते.

आंधळे भक्त नव्हतात तुम्ही, हेही सांगितलं पाहिजे. मध्यंतरानंतरची मारामारी फार ताणली आहे, हे तुम्ही मान्य करायचात. शत्रूचे सगळे रोबोट एकाच करड्या रंगाचे, कोण कुणाला हाणतंय पत्ता लागत नाही. ती इंजिनियर मुलगी पुरातून, आगीतून, गाळातून धावते तरी तिची वेणी सुटत नाही, यावर तुम्हीच आधी हसायचात. सेनापती नुसता आरडाओरडा करायला ठेवला आहे, म्हणायचात. पण बुढऊबद्दल वाकडा शब्द काढला की संपलं. “तो एकटाच ॲक्टिंग करतोय त्या पिक्चरमध्ये,” हे तुमचं ठरलेलं वाक्य.

आणि मग तो शेवट. धरणाचा दरवाजा तुटायला आलेला. बुढऊ पाठ लावून तो अडवून धरतो. खाली गाव रिकामं होतंय. ती मुलगी त्याच्या पायाशी उभी, जायला तयार नाही. तो मान खाली वाकवतो आणि चौकातल्या एखाद्या जुन्या बुजुर्गासारखं अगदी अदबीनं म्हणतो, “आप चलिए, बिटिया. हम निकल जाएँगे.” ती पळते. तो काही निघत नाही.

टॉकीजमधून बाहेर आलो तेव्हा तुमचे डोळे लाल होते आणि मला राग आला होता. “खोटारडा आहे तुमचा बुढऊ,” मी म्हणाले. “मी निघेन, म्हणाला. त्याला माहीत होतं निघता येणार नाही. त्या पोरीला फसवलं त्यानं.”

तुम्ही रस्त्यात थांबलात. “मी कुठे म्हणाला? ‘हम’ म्हणाला.”

“अहो, तुमच्या लखनौचा हम! म्हणजे मीच की.”

“नाही वहिनी. तो सगळ्यांचा हम आहे. ती निकल गयी ना? मग तोही निघाला तिच्याबरोबर. तुमच्यात काय म्हणतात ते... आपण. समोरच्याला धरून.”

मी म्हटलं, हे व्याकरणात बसत नाही. बुडालेला बुडालेलाच. त्यावर विक्रममध्ये, त्या तीनचाकी टेम्पोत, बसून सरोजिनी नगर येईपर्यंत तुम्ही माझ्याशी भांडलात, आणि ड्रायव्हर भैयालाही ओढलंत मध्ये. “भैया, आप बताइए, आदमी कहे हम निकल जाएँगे, तो मतलब?” तो बिचारा म्हणाला, “मतलब, भाईसाहब, सवारी उतरेगी कहाँ?”

त्यानंतर किती वर्षं गेली! दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर बुढऊ लागायचा आणि आपण दोघं तेच भांडण नव्यानं काढायचो. तुम्ही मला म्हणायचात, मराठीत करून दाखवा ते वाक्य. मी सुरुवात करायचे आणि अडायचे. मी निघेन? आम्ही निघू? आपण निघू? एक निवडलं की बाकीचे दोन गळतात. “देखा?” तुम्ही टाळी मागायचात. मी द्यायचे नाही.

मग दुसरा भाग आला. तुम्ही पहिल्याच दिवशी गेलात, आणि तोंड पाडून परत आलात. त्यात बुढऊ जिवंत निघाला होता! कुणीतरी गाळातून त्याला काढलं, नवा हात बसवला, रंग लावला. मी खूश झाले. म्हटलं, “घ्या, निघाला की नाही? खोटं नव्हता बोलला.” तुम्ही इतके चिडलात की जेवला नाहीत. “त्याला परत आणायचं होतं तर मग तो उभा कशाला राहिला होता? मेलेल्याला असं परत आणणं म्हणजे धोखा आहे, वहिनी, फसवणूक. आम्ही हा भाग मानत नाही.” आणि मी सवयीनं म्हणाले, “मी मानत नाही.” “हाँ वही. मी मानत नाही.” तोवर तुम्ही ‘मी’ म्हणायला शिकला होतात. चारचौघांत कधी घसरत नव्हतात. मला केवढा अभिमान होता त्याचा.

आता मला तो दुसरा भाग आवडतो हो, भाऊजी. नवा हात, नवा रंग, काहीही चालेल. कथेचा विचका झाला तरी चालेल.

किडन्यांचं कळलं ते पावसाळ्याच्या शेवटी. दिवाळीपर्यंत तुम्ही कामावर जात होतात. मग इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि घरात सगळ्यांची खोटं बोलायची शर्यत लागली. डॉक्टरांनी खरं काय ते फक्त दादांना सांगितलं होतं. दादांनी मला सांगितलं, आईंना नाही. तुम्हाला तर अजिबातच नाही. तुमच्यासमोर दादा म्हणायचे, “आठवड्याभरात घरी, काय!” आणि तुम्ही म्हणायचात, “हाँ दादा, बिल्कुल.” मी पेज भरवत तुमच्याकडे बघायचे. तुम्हाला कळलं होतं का? मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस स्वतःच्या अंगातलं ऐकत नसेल? पण विचारायचं कसं? विचारलं की सांगितल्यासारखंच झालं असतं.

पलंगावरून उठताना तुम्ही मधेच थांबायचात. दोन्ही हात गादीवर टेकून, मान खाली. पहिल्यांदा मी घाबरून धरायला धावले. तुम्ही डोळे मिटूनच हसलात. “थांबा वहिनी. प्रेशर बनतंय.” मी बाहेरच्या नळापाशी जाऊन तोंड धुतलं आणि परत आले.

त्या शेवटच्या संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं की वॉर्डाच्या खिडकीतून समोरचं झाडही दिसत नव्हतं. भेटायची वेळ संपली म्हणून गार्ड दोनदा येऊन गेला. दादा औषधं आणायला खाली गेले होते. मी डबा पिशवीत घातला, शाल तुमच्या पायांवर नीट केली, आणि उगाच रेंगाळले. तुम्ही म्हणालात, “तुम्ही जा वहिनी. धुकं वाढेल, विक्रम मिळणार नाही. आम्ही निघू इथून.”

आम्ही.

इतक्या वर्षांनी! माझ्या ओठावर आलं होतं, ‘मी निघेन’ म्हणा. नाही म्हटलं. तुम्ही दमला होतात. मी नुसतं “बरं” म्हणाले आणि निघाले. विक्रम मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासाठी मुगाची खिचडी टाकली होती तेव्हा दादांचा फोन आला.

आपल्या घरावरून एरवी सारखी विमानं जातात, तुम्हाला माहीतच आहे. त्या आठवड्यात धुक्यानं सगळी बंद होती. इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. भैंसाकुंडाच्या स्मशानातून दादा परत आले तेव्हा, अस्थी गोमतीत सोडल्या तेव्हा, भटजी पिंडाचं सांगत होते तेव्हा. आम्ही निघू. तापाच्या ग्लानीत जुनी सवय उफाळून आली आणि तुम्ही साधं ‘मी निघेन’ म्हणालात? म्हणजे तुम्हाला बरं व्हायची आशा होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला अंधारात ठेवलं? की तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही मला बुढऊचं वाक्य ऐकवलंत, मी मुकाट्यानं घरी जावं म्हणून? तसं असेल तर तुम्ही मला फसवलंत. आणि मला कळायला हवं होतं, कारण त्या वाक्यावर मी जन्मभर भांडले होते. मला कळलं नाही, मी विक्रम शोधत होते. फार राग येतो हो तुमचा. रात्रंदिवस येतो.

तर रविवारी. दादांनी हा सिनेमा कधी बघितला नव्हता. आपण दोघं भांडायला लागलो की ते पेपर घेऊन गच्चीवर जायचे. यावेळी ते हलले नाहीत. गाळातून बुढऊ उठला, पाय उचलायच्या आधी थांबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “प्रेशर बनतंय.” दादांनी माझ्याकडे पाहिलं. वेणी न सुटणारी मुलगी, ओरडणारा सेनापती, ती न संपणारी करडी मारामारी, सगळं झालं. मग धरणाचा दरवाजा. मग ती मान खाली आली. “आप चलिए, बिटिया. हम निकल जाएँगे.”

“खोटं बोलतोय,” दादा म्हणाले.

माझेच शब्द. मी इतकी वर्षं म्हणत आले तेच. पण त्यांचा आवाज चिरकला होता. “तिला घालवून द्यायला खोटं बोलतोय तो. नंदूही मला हेच म्हणाला, त्या दिवशी पहाटे. ‘दादा, आप ज़रा लेट जाइए. हम निकल जाएँगे.’ मला वाटलं, घरी जायचं म्हणतोय. मी म्हणालो, हो, या आठवड्यात नेतो. आणि बाकावर जाऊन आडवा झालो. मी झोपलो गं. मला कळलंच नाही.”

तुम्ही त्यांनाही तेच सांगितलं होतं, अगदी बुढऊच्याच शब्दांत; ग्लानीत दोघांशी तेच वाक्य निघत नाही. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुम्हाला ठाऊक होतं. सगळं.

खरं सांगते, माझ्याकडे बोलायला माझी जुनी बाजू तयार होती. ‘मी निघेन म्हणाला आणि निघाला नाही, खोटारडा.’ एवढंच म्हटलं असतं तर दादा तिथेच मोडून पडले असते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा मी म्हणाले, “नाही हो. खोटं नाही बोलत तो.”

“मग?”

“‘हम’ म्हणतोय ना. त्यात मी पण येतं, आम्ही पण येतं आणि आपण पण. तो आपण म्हणतोय. समोरच्याला धरून. ती पोरगी वाचली ना? मग तोही निघाला तिच्याबरोबर.”

“म्हणजे नंदू...”

“भाऊजी तुमच्याबरोबर बाहेर आले त्या दिवशी. तुम्हाला दिसले नाहीत इतकंच.”

शब्द न् शब्द तुमचा होता. आलमबागच्या रस्त्यात तुम्ही थांबला होतात तशाच ठसक्यात मी तो म्हटला, मध्ये “सुनिए तो” सुद्धा आलं असेल. तुमचे दादा तुम्ही गेल्यापासून रडले नव्हते. ते तोंडावर हात घेऊन रडले, इतके की आई उठून बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. पडद्यावर धरण फुटलं. बुढऊ गेला.

दुसऱ्या दिवसापासून दादा थोडं जेवायला लागले आहेत. काल भाजीवाल्या भैयाला सांगत होते, आमचा नंदू असा होता, आमचा नंदू तसा होता. तुमची बाजू भक्कम आहे, मला मानावं लागेल. घर उभं राहतंय तिच्यावर.

पण भाऊजी, मला ती पटलेली नाही. आजही नाही. बुडालेला बुडालेलाच असतो, आणि त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. हे मी आता कुणाला सांगू? दादांसमोर तोंड उघडता येत नाही, आईंसमोर तर नाहीच. घरात सगळे तुमच्याच बाजूचे झालेत, त्यात मीही. माझ्या बाजूला आता कुणीच नाही. या, आणि भांडा माझ्याशी.